आग झाका, मग झोपा : इंग्रजीतली रात्र

(दृश्य : डिसेंबरमधलं लंडन. टेम्सवरचा पूल, दिवे लागलेले.)

दुपारचे चार वाजलेत आणि लंडनमध्ये सूर्य मावळलाय. डिसेंबरअखेर इथली रात्र १६ तासांची असते. उद्या उजाडेल ते आठच्या सुमारास.

जूनमध्ये सगळं उलटं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरला की खगोलशास्त्रज्ञ पूर्ण रात्र झाली असं मानतात. जूनच्या उत्तरार्धात लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंशांपर्यंत उतरतो आणि पुन्हा वर यायला लागतो. काटेकोर बोलायचं तर तिथे कित्येक आठवडे रात्र होतच नाही.

आपल्याकडेही कातरवेळ आहे, तिन्हीसांज आहे. पण मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. देवापाशी दिवा लावून शुभंकरोति म्हणून होईतो बाहेर काळोख. ब्रिटनमध्ये तो तिरका, रेंगाळत जातो. म्हणून ट्वायलाइट, डस्क, स्कॉटलंडमधलं ग्लोमिंग हे शब्द तिथे नुसत्या कवितेचे नाहीत, त्या वेळात माणसं कामं उरकतात. पार उत्तरेला, शेटलंड बेटांवर, जूनमध्ये मध्यरात्रीही आकाश काळं होत नाही. त्या उजेडाला तिथले लोक ‘सिमर डिम’ म्हणतात.

(दृश्य : जुनं हस्तलिखित, त्यावरून फिरणारा कॅमेरा.)

रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय, की हे लोक दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. इंग्रजी ही त्यांच्याच कुळातली भाषा. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. सात रात्रींचा ‘सेनाइट’ही होता, तो मेला. आपला पंधरवडा मात्र पंधराचा, हिशेबाला एक जास्तच!

आणि खुद्द ‘नाइट’? त्याच्या स्पेलिंगमध्ये जी आणि एच ही अक्षरं आज उगाच बसल्यासारखी दिसतात. पूर्वी त्यांचा घशातून उच्चार व्हायचा. जर्मन ‘नाख्ट’मध्ये तो अजून ऐकू येतो. संस्कृतातलं ‘नक्त’ याच घराण्यातलं. दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवायचं, ते नक्त व्रत चातुर्मासात आपल्याकडे कितीतरी घरांत पाळलं गेलं.

(दृश्य : लाकडी घरांची गल्ली. चर्चची घंटा.)

आता या सगळ्यांतला माझा आवडता शब्द : कर्फ्यू.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘आग झाका’ असं म्हणायची जी शब्दजोडी होती, तिच्यातून तो आलाय. मध्ययुगातली गावं म्हणजे लाकडाच्या भिंती आणि गवताची छपरं. रात्री एका चुलीतून ठिणगी उडाली, तर सकाळी अख्खी गल्ली राख. म्हणून संध्याकाळी घंटा वाजायची. ती ऐकली की चुलीतले निखारे राखेखाली ओढायचे, किंवा त्यांवर मातीचं नाहीतर धातूचं झाकण ठेवायचं. आग विझवायची नाही. सकाळी पुन्हा पेटवण्याचा खटाटोप कोण करणार? आपल्या खेड्यांतही विस्तव असाच राखेत जपून ठेवत.

इंग्लंड जिंकून घेणारा राजा विल्यम द कॉन्करर याने हा नियम तिथल्या इंग्रजांवर लादला, असं सांगतात. इतिहासकार ते जसंच्या तसं स्वीकारत नाहीत. पण घंटेनंतर रस्त्यावर दिसणारा माणूस हळूहळू संशयित ठरू लागला, हे खरं. चुलीची शिस्त माणसांची झाली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ ‘नाइट कर्फ्यू’ लागला, तोवर त्या शब्दातली चूल कधीच विझली होती. मुळात कर्फ्यू रात्रीचाच असायचा, त्यामुळे ‘नाइट कर्फ्यू’ ही द्विरुक्तीच.

(दृश्य : मेणबत्ती. पडदे लावलेला पलंग.)

आग झाकली की झोप. पण किती वेळ? अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जुन्या रोजनिशा, कोर्टातले जबाब, वैद्यकीय पुस्तकं, सगळीकडे त्यांना ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असे उल्लेख सापडले. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसरही पहिल्या झोपेचा उल्लेख करतो, तोही अगदी सहज, काही समजावून न सांगता. दोन झोपांच्या मधल्या तासा-दोन तासांत लोक जागे होऊन प्रार्थना करायचे, गप्पा मारायचे, स्वप्नांवर बोलायचे. सगळेच असं झोपायचे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो योग्य वाटतो. पण इतक्या ठिकाणी आलेला शब्दप्रयोग निव्वळ अपघात असेल, हे पटत नाही.

झोपेत छातीवर येऊन बसणाऱ्या भुताला जुन्या इंग्रजीत ‘मेअर’सारखा शब्द होता. त्यावरून ‘नाइटमेअर’. घोडीलाही मेअरच म्हणतात, पण तिचा इथे संबंध नाही. तरी १७८१ मध्ये चित्रकार हेन्री फ्यूझेलीने झोपलेल्या बाईच्या छातीवर भूत बसवलंच, आणि पडद्याआडून डोकावणारं घोड्याचं डोकंही रंगवलं.

(दृश्य : लंडनमधला पॅल मॅल रस्ता.)

१८०७ साली याच रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. त्याआधी रात्री घरी जायचं तर पैसे देऊन मशालवाला पोऱ्या सोबत घ्यावा लागे, त्याला ‘लिंकबॉय’ म्हणत. बर्मिंगहॅममध्ये जेम्स वॉटसारखी मंडळी आपली सभा पौर्णिमेच्या आसपास भरवायची, परतताना चांदणं असावं म्हणून. त्यांच्या मंडळाचं नावच लूनर, म्हणजे चांद्र, सोसायटी. गॅस आला, पुढे वीज आली. लिंकबॉय गेला, पहिली झोपही बोलण्यातून गेली.

मग रात्रीचं काम आलं. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांच्या तोंडी असलेली ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली. जिवंत पुरलेल्या माणसाने घंटा वाजवलीच तर ऐकायला कबरस्तानात रात्रभर पहारेकरी बसवत, त्यावरून हे नाव पडलं, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. ती थाप आहे. पुढे पाठवू नका.