आधी नळ्या बघा

(साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर कारबोरेटर दिसत नाही म्हणून दोघातिघांची तोंडं उतरलेली मला इथून दिसतायत. मुद्दामच आणला नाही. आणलंय ते एवढंच: चार रबरी नळ्या, एक बारीक धातूची नळी आणि दोन क्लिपा. "कारबोरेटर गेलाय" म्हणून माझ्याकडे ज्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा कारबोरेटर मी उघडत नाही. नळी बदलतो आणि चहा पाजून पाठवतो.

आता हा बिचारा कारबोरेटर करतो काय? हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो. पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं. ती हवा कारबोरेटरच्या अरुंद नरड्यातून जोरात जाते आणि तिथला दाब पडतो. शेजारच्या फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या भांड्यात पेट्रोल असतं, त्याच्यावर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब. तो दाब पेट्रोलला जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक छिद्रातून, नरड्यात ढकलतो. आपण म्हणतो इंजिन पेट्रोल ओढतं. ढकलणारी असते बाहेरची हवा. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं कोण ओढतंय आणि कोण ढकलतंय यावरच आहे.

पेट्रोलची बाजू आधी घेऊ. टाकीपासून एसी पंपापर्यंतची, म्हणजे गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपापर्यंतची नळी ओढणीची, पंपापासून कारबोरेटरपर्यंतची ढकलणीची. ढकलणीच्या नळीला चीर पडली तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, कुणालाही कळतं. ओढणीच्या नळीला चीर पडली तर जमिनीवर थेंब दिसत नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत बसतो. गाडी शहरात बरी चालते, हायवेला लागली की खंबाटकीच्या चढाला मान टाकते. मालक म्हणतो, जेटमध्ये कचरा. कचरा कुठला, टाकीजवळची वीतभर नळी वाळून भेगाळलेली असते आणि तिथं वाकून बघायला कुणाची कंबर तयार नसते.

पसरणीच्या घाटात मे महिन्यात बंद पडणाऱ्या गाड्यांचंही मूळ तिथंच. द्रवावरचा दाब कमी झाला की तो लवकर उकळतो. म्हणून ओढणीच्या बाजूचं पेट्रोल तापलेल्या पंपाशी आल्यावर आधी वाफ होतं, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायची जुन्या ड्रायव्हरांची पद्धत अडाणीपणाची नव्हती. पण फडकं टाकून झाल्यावर नळी एक्झॉस्टला चिकटून तर जात नाही ना, तेही बघा.

नळी कापायची ती नव्या ब्लेडनं. हॅक्सॉनं कापली की आत रबराचा भुगा राहतो. मोहरीएवढा तुकडा फ्लोटच्या निडल व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे भांडं भरलं की पेट्रोल अडवणाऱ्या सुईत, अडकला तरी व्हॉल्व्ह बसत नाही, भांडं भरून वाहतं. पुन्हा नाव कारबोरेटरचं.

अँबॅसिडरवाल्यांसाठी एक खास सूचना. एसयू कारबोरेटरच्या फ्लोटच्या झाकणाला दोन तोंडं दिसतात. एक पेट्रोल यायचं, दुसरं भांड्याला हवा मिळायचं. दुसरं तोंड उघडं दिसतं म्हणून कुणी तिथं रबरी बूच मारतं. झालं! मघाशी म्हटलं ना, ढकलणारी बाहेरची हवा. तिचाच रस्ता बंद. गाडी सुरू होते, थोडं चालते आणि उपाशी मरते. जाता जाता सांगतो, एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर बंधू इंग्लंडमधल्या चपला-बुटांच्या व्यापारी घराण्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कारबोरेटरात पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. आपल्या भागातल्या माणसाला चामड्याचं कौतुक वेगळं सांगायला नको.

आता व्हॅक्यूमकडे, म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणाऱ्या नळ्यांकडे वळतो. इथंच जास्त घोळ होतो, कारण व्हॅक्यूमची नळी गळत नाही, तिला वास नाही, आणि ती नसली तरी गाडी चालते.

डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, बाजूला जी गोल डबी असते, तिच्यात पडदा असतो. नळीतून ओढ आली की पडदा आत जातो, डेल्कोतली प्लेट फिरते आणि ठिणगी थोडी आधी पडते. हलक्या पायानं सपाट रस्त्यावर जाताना मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचं असतं, सावकाश जळतं, म्हणून त्याला ठिणगी लवकर लागते. ही ओढ दोन ठिकाणाहून मिळू शकते. थ्रॉटलच्या पातीच्या, म्हणजे पाय दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या खाली, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, ती स्लोवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, भरपूर. पातीच्या कडेला किंचित वर जे छिद्र असतं, तिथं स्लोवर काही नसतं. पाय ठेवला, पाती छिद्रापलीकडे सरकली की ओढ सुरू होते. ज्या गाडीची रचना वरच्या छिद्राची, तिथं नळी वरच्याच छिद्राला जायला हवी.

हे मी चुकून शिकलो. पोवई नाक्यावरच्या एका गॅरेजात शिकाऊ होतो तेव्हा कोरेगावहून एका काकांची अँबॅसिडर आली होती. त्या इंजिनात एका बाजूला कारबोरेटर, पलीकडच्या बाजूला डेल्को. नळी लांबून फिरवून न्यावी लागते. जुनी तुटली होती, मी नवी घातली आणि जवळ पडतं म्हणून मॅनिफोल्डच्या तोंडाला जोडली. स्लो एकदम वाढलं. मी काय केलं असेल? स्लोचा स्क्रू सोडून कमी केलं. शिवणयंत्रासारखी चालायला लागली. काका खूश, मी खूश. संध्याकाळी काका पायी परत! चढाला लागून क्लच सोडला की गाडी बंद. कारण उघड आहे: स्लोवर डबी पूर्ण आगाऊ ठिणगी देत होती, त्या जोरावर स्लो टिकलं होतं. भार आला, मॅनिफोल्डची ओढ पडली, ठिणगी मागे गेली, आणि स्क्रू तर मीच सोडून ठेवलेला. उस्तादांनी एक शब्द न बोलता नळी उपटली, वरच्या तोंडाला लावली, खालच्याला टोपी घातली, स्क्रू दीड फेरा आवळला. मग म्हणाले, "काकांना सोडून ये. चालत."

ओढ भाराबरोबर कमी होते याचा पुरावा जुन्या विलीज जीप ज्यांनी पावसात चालवल्या त्यांच्याकडे आहे. तिचा वायपर व्हॅक्यूमवर. कासच्या चढाला पाय दाबला की वायपर काचेच्या मधोमध उभा. पाय काढला की सर्रकन सलाम करून परत.

ही ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज जवळ ठेवा, स्वस्त मिळतो. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं, निरोगी इंजिनला स्लोवर १७ ते २१ इंच पारा. ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. सातारा सुमारे २४०० फुटांवर, म्हणजे इथं १६ दाखवला म्हणून पिस्टनच्या रिंगा बदलायला धावू नका. मुंबईत ट्यून केलेली गाडी इथं आली की जरा रिच, म्हणजे जास्त पेट्रोलची वाटते, तेही त्यातलंच. काटा स्थिर हवा, ते महत्त्वाचं. स्थिर पण फारच खाली असेल तर कुठून तरी चोरून हवा येतेय. मग एकेक नळी पकडीनं हलकेच दाबायची. जी दाबल्यावर आवाज सुधारेल ती चोर. सगळ्या दाबून काही फरक नाही, तर कारबोरेटरच्या बुडाचं पॅकिंग. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून बघणारे शूर लोक असतात. त्यांच्या भुवया बघून ठेवा.

साताऱ्यात बसून उसाचा विषय टाळता येत नाही. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि त्यानं फुगलेली नळीही आपलीच. जुनं रबर त्यात मऊ पडतं, आतून सोलतं, आणि बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. नवी घेताना अंगावर जे-३० आर-९ छापलेलं बघा. तिला आतून इथेनॉल सोसणारा थर असतो. दुसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि कारबोरेटर मापानं पेट्रोल देतो, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. एसयूला जेटचा नट थोडा खाली फिरवून भागतं, सोलेक्स कारबोरेटरला मोठं जेट लागू शकतं. पण आधी नळ्या. हवा चोरणाऱ्या गाडीचं मिश्रण घट्ट करत बसलात तर प्लग काळे होतील आणि चोर तसाच राहील.

बोलणं पुरे. बाहेर अंगणात अँबॅसिडर उभी आहे, इंजिन बंद आहे, डेल्कोची टोपी काढून ठेवलीय. व्हॅक्यूमची नळी कारबोरेटरकडून सोडायची, तोंडानं ओढायची आणि जिभेनं टोक बंद धरायचं. आतली प्लेट सरकून तिथंच थांबली तर पडदा शाबूत; हळूहळू मागे आली तर फाटलाय. एकेकानं या. दर वेळी नळी पुसून देतो, काळजी नको.