चिंचोक्यांचा हिशेब

(परळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजी गेली तेव्हा चाळीच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल'. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण हे तीन शब्द आपण दर दुसऱ्या बाईच्या फोटोखाली लिहितो आणि हार घालून मोकळे होतो. मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते. मला त्या फळ्यावर चौथा शब्द हवा होता, हिशेबी. आपल्याकडे ही शिवी समजतात, म्हणून तो कुणी लिहिला नाही.

तिचा जन्म राजापूर तालुक्यातला. रेशनकार्डावर 1929 साल आहे, पण ते कार्ड लिहिणाऱ्याने अंदाजाने टाकलेलं. ती स्वतः सांगायची, 'तरवा काढत होते तेव्हा आई घरी गेली ती मला घेऊनच परत आली.' म्हणजे भाताची रोपं उपटायचे दिवस, जून-जुलै. वडील खोताचं कूळ, म्हणजे गावच्या वतनदाराची जमीन कसणारे. 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि पुढे जमीन त्यांच्या नावावर झाली, पण तोवर आजी मुंबईला आलेली होती. वडिलांमागे सातबारावर भावांची नावं लागली. हिने हक्कसोडीवर अंगठा दिला, बदल्यात वर्षाला एक पोतं तांदूळ आणि साडी. ते पोतं चार-पाच वर्षं आलं. नंतर नुसती साडी.

कोकणातलं भात म्हणजे काय काम असतं, हे इथल्या तरुणांना सांगायला हवं. उन्हाळ्यात कवळ तोडायची, म्हणजे झाडांच्या डहाळ्या. ती, शेण, पातेरा असं खाचरात पसरून पेटवायचं. हा राब. भाजलेल्या जमिनीत मिरगाच्या तोंडावर बी टाकायचं, रोप वर आलं की तरवा काढायचा, पेंढ्या बांधायच्या आणि चिखलात ओणवं राहून लावणी. डोक्यावर इरलं, घोट्याच्या वर पाणी. पुढे कापणी, झोडणी, आणि भात कणगीत. त्या कणगीतलं बियाणं वेगळं काढून ठेवलेलं असायचं. घरात चूल पेटली नाही तरी त्याला हात नाही. आजीचं सगळं शिक्षण एवढंच. शाळा तिने पाहिली ती बाहेरून, गुरं नेताना.

1948 मध्ये ती जैतापूरहून बोटीने मुंबईला आली. साल तिला माहीत नव्हतं. 'रामदास बुडाली त्याच्या पुढल्या वर्षी,' म्हणायची. रामदास ही बोट 17 जुलै 1947 ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तिच्या बोटीतल्या बायका भाऊचा धक्का दिसेपर्यंत देवाचं नाव घेत होत्या. आजीला मात्र ओकाऱ्यांपुढे देव आठवला नाही, असं ती प्रामाणिकपणे सांगायची.

आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बिऱ्हाड डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत. खोली 160 चौरस फूट. आता त्या जागी 500 चौरस फुटांचे फ्लॅट होतायत आणि लोक विचारतात, एवढ्याशा जागेत तुम्ही राहायचात कसे? मंडळी, आम्ही राहायचो हे सोडा, तिथे 22 माणसं जेवायची. गावाकडून एकटे आलेले गिरणीकामगार. झोपायला गाळा, जेवायला आजीची खानावळ. तीन पाळ्यांची माणसं, त्यामुळे पंगतही पाळीप्रमाणे, आणि पहिल्या पाळीचे डबे भोंग्याआधी भरलेले हवेत. माणशी चार पोळ्या, दोन वेळा, 22 माणसं. मी विद्यार्थ्यांना गुणाकार करायला लावते. 176. घरच्यांच्या वेगळ्या.

आता मुख्य गोष्ट. तिला लिहिता येत नव्हतं, मग हिशेब कसा? दाराच्या वर एक फळी होती. तिच्यावर 22 करवंट्या ओळीने. प्रत्येकीच्या कडेवर कोयत्याने खाचा, कुणाच्या एक, कुणाच्या दोन, कुणाची तिरपी. हे माणसाचं खातं. एखाद्याने आदल्या रात्री सांगितलं की उद्या जेवायला नाही, तर त्याच्या करवंटीत एक चिंचोका. हा खाडा. न सांगता दांडी मारली तर खाडा नाही, कारण अन्न शिजलेलं असायचं. पाहुणा जेवला तर लाल गुंज. पगार झाला की करवंटी पदरात उपडी करायची, चिंचोके वजा, गुंजा जमा, संपला विषय. आणि ज्याचा महिना पूर्ण बाकी राहिला त्याच्या करवंटीत खडा. 'खाडा' आणि 'खडा' यांत आम्ही मुलं गोंधळायचो, ती कधी नाही.

तिजोरी म्हणजे कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड. रोज भाताचे तांदूळ घेताना एक मूठ मागे काढून शेवटच्या मडक्यात टाकायची. त्याला ती बियाणंच म्हणायची. मुंबईत पेरायला जमीन कुठे होती? पण नाव बदललं नाही.

पैसे कमी पडले की सावकार आणि मंगळसूत्र, हा सगळ्याच खानावळवाल्या बायकांचा रस्ता. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. अर्ज भरणाऱ्या बाईंनी आजीला विचारलं, हिशेबाची वही आहे का? 'आहे, पण उचलून आणायला दोन माणसं लागतील.' त्याआधी 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी लाटणं मोर्चालाही ती गेली होती. मात्र संध्याकाळच्या पोळ्यांच्या आत परत. घरात लाटणं एकच होतं.

कौतुक फार झालं. माझी आत्या समोर पहिल्या रांगेत बसली आहे, तिच्यादेखत सांगते. 1963 मध्ये आजीने तिला सातवीतून काढलं. पोळ्यांना हात हवा होता. माझे बाबा शिकत राहिले. आत्याचं डोकं त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, हे बाबाच सांगायचे. आजीचं घरावर प्रेम होतं, पण ते सगळ्यांना सारख्या मापाने वाढलं गेलं नाही. म्हातारपणी मी तिला यावरून छेडलं तर ती काही बोलली नाही, पदराने डोळेबिळे पुसले असंही काही नाही. पण माझ्या फीचे पैसे शेवटपर्यंत तिने दिले, आणि नेऊन भरायला आत्यालाच पाठवायची. (आत्या मान हलवते आहे. म्हणजे बरोबर आहे.)

18 जानेवारी 1982. मी दहा वर्षांची. अडीच लाख गिरणीकामगार संपावर, आमच्या घरातले दोघंही. आजीने पहिले दोन महिने एकाही माणसाला उठवलं नाही. पोळ्या चाराच्या तीन झाल्या, वरण पातळ झालं, शेवटचं मडकं प्रथमच उघडलं गेलं. बियाण्याला हात लागला त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही. मग एकेक जण ट्रंक उचलून गावी निघाला. करवंट्या फळीवर तशाच, बहुतेकींत दोन खडे. काही माणसं पुढे परत आली, काही आलीच नाहीत. तिने एकही करवंटी काढून टाकली नाही. धूळ मात्र दर शनिवारी पुसायची.

1987 मध्ये, दिवाळीच्या आधी, त्यांतला एक जण पोतं घेऊन आला. आता गावी शेती करत होता. आजीने आधी करवंटी उतरवली, खडे मोजले. मग पायली काढली, धान्य मोजायचं माप. तिचं म्हणणं, माणशी महिन्याला चार पायल्या तांदूळ, वर तेल-मिठाची एक पायली. दोन महिन्यांच्या दहा. पाच वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले होते, पण तिने रुपये लिहिलेच नव्हते, अन्न लिहिलं होतं. महागाईला तिच्या वहीत शिरायला फटच नव्हती. हे मी दरवर्षी वर्गात सांगते.

पोत्यात बारा पायल्या निघाल्या. तो म्हणत होता, राहू दे आजी, पोरांना. तिने दोन पायल्या मोजून परत पोत्यात ओतल्या, तोंड सुतळीने बांधलं, खडे खिडकीतून खाली टाकले आणि त्याला पानावर बसवलं. जेवून तो हात धुवायला उठला तेव्हा म्हणाली, 'उद्या येणार नसलास तर आत्ताच सांग.'