घरात भरणारी शाळा कोणत्या मुलाला मानवते?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मुलाला ऑनलाइन शाळेत घालावे का, असे विचारणाऱ्या पालकांना बहुधा एका शब्दातले उत्तर हवे असते. तसे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र ते उत्तर शोधताना नजर कुठे ठेवावी, हे मी आज आपल्याला सांगणार आहे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक घरांत ती चुकीच्या जागी, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, खिळलेली असते.

हा विषय निघाला की अनेकांना २०२० साल आठवते. त्या वर्षी महासाथीमुळे १९० हून अधिक देशांतल्या शाळा बंद पडल्या आणि जगभरातल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला. तेव्हा पडद्यावर जे चालले ते केवळ निभावणे होते. वर्गासाठी आखलेले धडे, वर्गाचेच वेळापत्रक आणि वर्गातच शिकवण्याची सवय असलेले शिक्षक, हे सारे रातोरात कॅमेऱ्यासमोर आणून बसवले गेले. पुरात अडकलेल्या माणसाने त्या एका दिवसाच्या अनुभवावरून नौकानयनाविषयी मत ठरवावे, तसे आपण त्या अनुभवावरून ऑनलाइन शाळेविषयी ठरवू नये. जी शाळा मुळातच दूर बसलेल्या मुलांसाठी आखलेली असते, तिचे पाठ, तिच्या चाचण्या आणि तिच्या शिक्षकांचे काम वेगळ्या रीतीने बांधलेले असते.

मी आपल्याशी रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून एक जुने उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथून एक शाळा रेडिओवर सुरू झाली. गावापासून शेकडो किलोमीटर दूर, गुराढोरांच्या विस्तीर्ण कुरणांवर वाढणाऱ्या मुलांपर्यंत शिक्षिकेचा आवाज पोचावा, यासाठी विमानाने रुग्णसेवा देणाऱ्या डॉक्टरांचे बिनतारी संदेशजाळे वापरले गेले. मुले आपापल्या घरून शिक्षिकेला उत्तरे देत असत आणि दूरदूरच्या मुलांना एकमेकांचे आवाज ऐकू येत असत. मात्र या शाळेची थोरवी सांगताना एक गोष्ट हमखास राहून जाते. रेडिओवरचा पाठ थोडाच वेळ चाले, दिवसाचा उरलेला अभ्यास टपालाने आलेल्या पाठांवर होई, आणि तो करून घेण्यासाठी मुलाशेजारी घरातले एक मोठे माणूस, बहुधा आई, बसलेले असे. आवाज दूरचा होता, पण शाळेचा अर्धा भार घरातल्या त्या माणसावर होता. साधने कितीही बदलली तरी हा हिशेब फारसा बदललेला नाही.

म्हणून पहिला प्रश्न मुलाच्या हुशारीचा किंवा घरातल्या इंटरनेटच्या वेगाचा नसतो. सकाळी अकरा वाजता, कोणी हाक मारत नसताना, हे मूल आपणहून वही उघडते का आणि लक्ष उडाल्यावर पुन्हा वहीकडे वळते का, हे आधी पाहावे लागते. वर्गात ही दोन्ही कामे शाळेची घंटा, शेजारी बसलेली मुले आणि शिक्षकांची नुसती उपस्थिती करत असते, आणि ती इतक्या सहजपणे होतात की ती कोणीतरी करत आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. घरी बसलेल्या मुलाला ती स्वतः करावी लागतात. मनाला आवर घालण्याची आणि कामाचा बेत आखून तो तडीस नेण्याची क्षमता वयाबरोबर हळूहळू येते आणि विशीतही तिची वाढ चालूच असते. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला ते जमले नाही तर त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. पाच वर्षांखालच्या मुलांबाबत तर मी फार वेळ घालवणार नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्या वयात शाळा पडद्यावर भरवण्यात मला काही हशील दिसत नाही.

प्राथमिक वर्गांचे दुखणे अधिक खोल आहे. बावन्नातून सत्तावीस वजा करताना एखादे मूल पस्तीस हे उत्तर काढते. पडद्यावरची चाचणी उत्तर चूक असल्याचे सांगते, लाल खूण करते आणि पुढचे गणित समोर ठेवते. बाकांमधून फिरणाऱ्या शिक्षिकेची नजर मात्र वहीवर पडते आणि तिला कळते की एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सरळ सातातून दोन वजा केले आहेत. मुलाला वजाबाकी येत नाही असे नाही, त्याला दशक सुटा करण्याची कल्पना अजून उमगलेली नाही, हे त्या क्षणी तिच्या लक्षात येते आणि दोन मिनिटांत काड्यांचा गठ्ठा सोडून ती ते दाखवूही शकते. हीच चूक दोन महिने दबून राहिली तर भागाकाराच्या पायरीवर ते मूल कोसळते, आणि तेव्हा घरात चर्चा होते ती त्याला गणिताची आवड नसल्याची. चांगल्या ऑनलाइन शाळा मुलाची कच्ची आकडेमोड मागवतात आणि ती वाचतात. सगळ्याच शाळा तसे करत नाहीत.

अमेरिकेत सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांना चार्टर शाळा म्हणतात; त्यांतल्या ऑनलाइन शाळांचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधन केंद्राने २०१५ साली प्रसिद्ध केला. तशाच पार्श्वभूमीच्या, पण नेहमीच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वर्षभराची प्रगती वाचनात ७२ दिवसांनी आणि गणितात १८० दिवसांनी कमी भरली. तिथले शालेय वर्षच १८० दिवसांचे धरलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती जड आहे ते कळते. याच प्रकल्पातल्या दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की या शाळांत शिक्षकांशी प्रत्यक्ष संवादाचा वेळ आठवड्याला जेवढा मिळे, तेवढा नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळतो. ही सरासरी आहे आणि आपले मूल म्हणजे सरासरी नव्हे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य आहे. तरीही प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकातली सजावट बाजूला सारून, दिवसातून किती मिनिटे जिवंत शिक्षक माझ्या मुलाशी बोलणार आहे, त्या वेळी समोर किती मुले असतील, आणि तपासलेला गृहपाठ किती दिवसांनी परत येतो, एवढे विचारायला या आकड्यांनी आपल्याला शिकवले पाहिजे. प्रमाणपत्राला मान्यता कोणाची आहे आणि तिथून पुन्हा साध्या शाळेत परतता येते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

आता ज्यांना ही शाळा खरोखर मानवते त्यांच्याविषयी. दीर्घ आजारामुळे महिन्यातले कित्येक दिवस अंथरुणात काढणारे मूल, पालकांच्या बदल्यांमुळे दर वर्षी नवी शाळा पाहणारे मूल, किंवा खेळाचा अथवा संगीताचा चार-पाच तासांचा सराव करणारे किशोरवयीन मूल यांना वेळेची लवचीकता वरदानासारखी वाटते. ज्याला शिकवलेले दोनदा ऐकावे लागते आणि वर्गात तसे विचारण्याचा संकोच वाटतो, त्याला चित्रित पाठ मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. इतर मुलांच्या छळाला कंटाळलेल्या मुलाविषयी मात्र मी जरा सावधपणे बोलेन. घरी राहिल्याने त्याला तातडीचा दिलासा मिळतो आणि कधी कधी तो मिळायलाच हवा, पण छळाचा प्रश्न सोडवल्यावाचून केलेला हा बदल त्याच्या मनात माणसांविषयीची भीती कायमची रुजवू शकतो. त्याच्यासाठी खेळाचे मैदान, नाट्यवर्ग, एखादे वाचनालय, कुठेतरी समवयस्कांत मिसळण्याची जागा आधी शोधावी आणि मगच शाळा बदलावी.

डोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे सहा मीटर दूर पाहण्याने थकवा हलका होतो, आणि रोज उघड्यावर उजेडात घालवलेला वेळ लघुदृष्टीचा धोका कमी करण्यास मदत करतो. ऑनलाइन शाळेत हा वेळ आपोआप मिळत नाही, तो वेळापत्रकात लिहूनच ठेवावा लागतो.

शेवटी घराकडे वळावे लागते. दिवसभर घरात कोण असणार आहे, त्याच्या स्वतःच्या कामाचे काय होणार, आणि आईवडील व शिक्षक ही दोन नाती एकाच माणसात आल्यावर संध्याकाळी मुलाशी निवांत बोलायला कोण उरणार, याचे उत्तर पालकांनी एकमेकांना मोकळेपणाने द्यावे. दोघेही बाहेर कामाला जात असतील आणि मूल दहा वर्षांचे असेल, तर मी हा मार्ग सुचवणार नाही. मूल पंधरा वर्षांचे असेल, त्याने स्वतः तो मागितला असेल आणि घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असेल, तर एक सत्र करून पाहायला माझी हरकत नाही. अट एवढीच की जुन्या शाळेशी बोलून परतीची वाट आधीच मोकळी ठेवावी.

दोन महिने झाले की एखाद्या संध्याकाळी पडदा बंद करावा, कोरा कागद पुढे ठेवावा आणि गेल्या आठवड्यात शिकलेले काही आपल्याला शिकवायला मुलाला सांगावे. अडखळत का होईना, ते आकृती काढू लागले, मध्येच थांबून स्वतःची चूक स्वतः खोडू लागले, तर ती शाळा त्याला मानवते आहे असे समजायला हरकत नाही. विषयामागून विषय जाऊनही कागद कोराच राहिला, तर सत्र संपण्याची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शाळेत फोन करावा.