कवड्यांत मोजलेली माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल. एखादी वस्तू अगदीच टाकाऊ झाली की आपण तिला कवडीमोल ठरवतो आणि कंजूष माणसाकडून फुटकी कवडीही सुटत नाही असे म्हणतो. या म्हणण्यामागे एके काळचे खरेखुरे चलन आहे. आज मला त्या चलनाच्या मागोमाग आपल्याला अटलांटिक महासागरापर्यंत न्यायचे आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्रिया, पुरुष आणि मुले ज्या गुलामांच्या व्यापारासाठी जहाजांत कोंबली गेली, आणि ज्यांतली अठरा लाखांच्या आसपास माणसे वाटेतच मेली, त्या व्यापाराचे एक मोठे चलन आपल्या बाजूच्या समुद्रात, मालदीव बेटांवर वेचले जात होते.

वेचण्याची रीत साधी होती. नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकून ठेवत. कवडीचा जीव त्यांना चिकटला की झावळ्या ओढून काढत. मग कवड्या वाळूत पुरायच्या, आतले मांस कुजू द्यायचे आणि शिंपले धुऊन घ्यायचे. कामाला भांडवल जवळजवळ लागत नसे, दुर्गंधी मात्र भरपूर सोसावी लागत असणार. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवला राहून गेला. तिथे सोन्याच्या एका दिनारला चार लाख, कधी त्याहूनही जास्त कवड्या मिळतात असे त्याने नोंदवले. पुढे काही वर्षांनी तो सहारा ओलांडून माली राज्यात पोहोचला, तेव्हा तिथल्या बाजारात त्याच कवड्या त्याला दिसल्या आणि भाव होता एका दिनारला अकराशे पन्नास. म्हणजे युरोपीय जहाजे या व्यवहारात शिरण्याच्या कितीतरी आधी एकच शिंपला एका टोकाला स्वस्त आणि दुसऱ्या टोकाला साडेतीनशेपट महाग होता. पुढच्या चारशे वर्षांत साम्राज्यांनी जो पैसा मिळवला, त्यातला एक हिस्सा या तफावतीतून आला.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात कवड्या समुद्रमार्गे पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि पुढे डच व इंग्रज कंपन्यांनी तो धंदा हाती घेतला. मालदीवच्या होड्या कवड्या घेऊन ओडिशातील बालासोरला आणि सिलोनला जात आणि परतताना तांदूळ नेत. तिथून कंपनीच्या जहाजांत कवड्या भरल्या जात. त्यासाठी वेगळी जागा द्यावी लागत नसे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जहाज डोलू नये म्हणून तळाशी काहीतरी वजन, म्हणजे नीरम, भरावेच लागते. दगडांऐवजी कवड्या भरल्या की वाहतूक जवळजवळ फुकटात पडे. अॅम्स्टरडॅम आणि लंडनला त्यांचा लिलाव होई आणि लिव्हरपूल, ब्रिस्टल किंवा नान्त इथले व्यापारी त्या पिंपांत भरून आफ्रिकेकडे पाठवत. एकट्या अठराव्या शतकात डच आणि इंग्रजांनी अशा दहा हजार टनांहून अधिक कवड्या आणल्या.

त्यांच्याबरोबर लोखंडाच्या पट्ट्या, पितळेची कडी, बंदुका, दारू आणि सर्वांत जास्त किमतीचा माल म्हणून कापड जाई. त्या कापडात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या विणकरांचा वाटा मोठा होता. इंग्लंडने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी भारतीय छापील सुती कापड आपल्या देशात वापरण्यावर बंदी घातली, परंतु ते बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली. घरच्या विणकरांना संरक्षण मिळाले आणि आफ्रिकेतल्या खरेदीसाठी मालही मिळाला. कायदा करणाऱ्यांचा व्यवहार पक्का होता.

आता आजच्या बेनिन देशातील उइदा या गावी येऊ. १७२७ मध्ये दाहोमी या आफ्रिकी राज्याच्या राजाने हे गाव जिंकले. इथे इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तिन्हींचे किल्ले होते, तरी व्यापाराच्या अटी राजाचा अधिकारी ठरवी. किनाऱ्याला बंदर नव्हते. फेसाळत्या लाटांतून कवड्यांची पिंपे होड्यांनी किनाऱ्यावर यायची आणि त्याच होड्यांतून माणसे जहाजाकडे जायची. कवड्या चाळीसच्या माळेने मोजत. पूर्ण किंमत कवड्यांतच चुकवली जाई असे नव्हे, काही भाग कापडात वा बंदुकांत दिला जाई. पण भाव कवड्यांत बोलला जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका धडधाकट पुरुषाचा भाव लाखाच्या वर गेला होता. एक लाख कवड्यांचे वजन क्विंटलभराहून जास्त भरते, म्हणजे विकल्या जाणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक.

शिंपले देऊन भोळ्या आफ्रिकी लोकांना फसवले, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. कवडी हे तिथले पक्के नाणे होते. ती झिजत नसे, तिची नक्कल करता येत नसे आणि बाजारातल्या बाईला तिने कंद-मिरची घेता येत असे. राजे आणि दलाल यांना आपण काय विकतो आणि काय घेतो हे चांगले कळत होते, आणि शेजारच्या मुलुखावर स्वाऱ्या करून माणसे धरून आणण्याचा दोषही त्यांच्याकडे जातोच. खरा पेच वेगळा होता. कवडी फक्त आत येई, बाहेर जात नसे. ती देणारा लिव्हरपूलचा व्यापारी तीच कवडी परत घेऊन बंदूक द्यायला तयार नसे.

उलट जहाज जमैका वा बार्बाडोसला पोहोचले की कप्तानाला माणसांच्या बदल्यात साखर मिळे, आणि पुष्कळदा लंडनच्या पेढीवर काढलेली हुंडी मिळे. एक ते तीन वर्षांच्या मुदतीची ती हुंडी लंडनला वटत असे आणि तिच्या भरवशावर पुढच्या फेरीचे कर्ज उभे राहत असे. उसाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या मरणाचे प्रमाण इतके होते की मळेवाल्यांना नवी माणसे सतत विकत घ्यावी लागत. त्यामुळे हुंडीला कधी गिऱ्हाइकाची वाण पडली नाही. त्याच समुद्रप्रवासात एका किनाऱ्यावर शिंपले साठत गेले आणि दुसऱ्या देशात भांडवल.

ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार बंद केला आणि १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवताना मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काहीच मिळाले नाही. पश्चिम आफ्रिकेत कवडी मात्र चालूच राहिली, आता पाम तेलाच्या खरेदीसाठी. १८४० च्या दशकात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना झांझिबारजवळ थोड्या मोठ्या जातीच्या कवड्या विपुल आणि स्वस्त सापडल्या, आणि त्यांनी त्या जहाजे भरभरून आणून ओतल्या. भाव गडगडला. वीस हजार कवड्यांचे पोते एका हमालाच्या डोक्यावर जाई. पुढे पुढे त्या पोत्यातले मोल हमालीतच संपू लागले. फ्रेंच आणि इंग्रज राजवटी आल्यावर कर फ्रँक आणि शिलिंगमध्ये भरायचा हुकूम निघाला. पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले ते ढीग करवसुलीच्या कचेरीत कोणी मोजूनही घेईना.