बऱ्या झालेल्या उंदराची गोष्ट

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर 'त्वचेचा लीशमॅनियासिस आणि आनुवंशिक प्रवणता' असा विषय छापला आहे, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे त्वचेवर व्रण आणणारा रोग, आणि तो जडण्याचा आनुवंशिक कल. तो मी टाळणार नाही. परंतु त्याआधी 'बरा झाला' या दोन शब्दांविषयीची माझी जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी.

उमेदवारीच्या काळात माझ्याकडे उंदरांचे दोन पिंजरे होते, एकात बॅल्ब-सी वंशाचे पांढरे आणि दुसऱ्यात सी-५७ ब्लॅक-६ वंशाचे काळे. दोन्हींच्या मागच्या तळव्यात मी लीशमॅनिया मेजर या परजीवीची सारखीच मात्रा टोचली आणि दर आठवड्याला कॅलिपरने सूज मोजू लागलो. (उंदीर पाय स्थिर धरत नाही, वहीतल्या पहिल्या आकड्यांत सुजेपेक्षा माझी भीतीच जास्त मोजली गेली आहे.) पांढऱ्यांची सूज वाढत जाऊन चिघळली, काळ्यांची काही आठवड्यांत ओसरली, आणि मी मोठ्या समाधानाने 'बरा' असे लिहिले. मार्गदर्शकांनी ते वाचले आणि काही न बोलता एका काळ्या उंदराच्या गुडघ्यामागची लसिकाग्रंथी काढून, चुरडून, सशाच्या रक्ताच्या माध्यमात ठेवायला लावली. आठवड्याभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर शेपटीसारखी कशाभिका हलवीत परजीवी खुशाल पोहत होते. सरांनी माझा शब्द खोडला नाही. त्यापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढले.

हा उरलेला संसर्ग केवळ शिल्लक राहिलेली घाण नव्हे. प्रतिकारशक्तीला आवर घालणारे इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन नसलेल्या उंदरांत परजीवी पुरते नष्ट होतात, पण त्याबरोबर पुनर्संसर्गापासूनचे संरक्षणही जाते. माणसांतही हेच लपणे दिसते: १९२६ साली माँटेनेग्रो यांनी मांडलेली त्वचाचाचणी (मारलेले परजीवी त्वचेत टोचून पूर्वीचा संसर्ग ओळखणारी), व्रण झाल्याचे आठवत नाही आणि वणही दिसत नाही अशा अनेकांत सकारात्मक येते, आणि काळा आजार, म्हणजे प्लीहा-यकृतात शिरणारा लीशमॅनियासिस, बरा झाल्यानंतर त्वचेवर उमटणारे परजीवीयुक्त चट्टे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ सालीच नोंदवले होते.

विषयाकडे या, अशी अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जनुकांकडे वळतो. काळा आजार आणणाऱ्या लीशमॅनिया डोनोव्हानीविरुद्धचा उंदरांमधील प्रतिकार ठरवणारे एक जनुक १९९३ साली हाती लागले. त्याच्या प्रथिनात १६९ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आले की उंदीर प्रवण होतो. गंमत अशी, की माझे पांढरे आणि काळे, दोन्ही उंदीर हीच सदोष प्रत बाळगतात, आणि तरीही लीशमॅनिया मेजरपुढे त्यांचे नशीब उलट ठरते, कारण तेथे पांढऱ्यांच्या टी-पेशी (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) परजीवीला फावणाऱ्या इंटरल्यूकिन-४ या संदेशप्रथिनाकडे, तर काळ्यांच्या परजीवी मारायला लावणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमाकडे झुकतात आणि तो झुकाव एकट्या जनुकाच्या हातात नसतो. म्हणजे प्रवणता कशाची, हे आधी विचारावे लागते: संसर्ग होण्याची, व्रण होण्याची, की व्रण न भरण्याची? जनुके शोधताना रुग्णांची तुलना आपण 'निरोगी' गटाशी करतो, परंतु त्या गटात वाळूमाशी कधीच न चावलेला माणूस आणि परजीवी अंगात बाळगूनही व्रण न आलेला माणूस शेजारी शेजारी बसलेले असतात. त्वचाचाचणी करून त्यांना वेगळे काढल्याशिवाय रक्ताच्या नळ्यांवर 'निरोगी' अशी चिठ्ठी चिकटवू नये, एवढीच माझी मागणी आहे.