एकाच खडकापाशी

[दृश्य: निळं पाणी. बोयाच्या दोरालगत दोन डायव्हर खाली उतरताहेत. तोंडातल्या, हवा पुरवणाऱ्या रेग्युलेटरमधला श्वास ऐकू येतो.]

पाणी २९ अंश आहे. ऊन थेट तळापर्यंत पोचलंय. दोघं उतरताहेत त्याच्या बरोबर खाली, १२ मीटरवर, पांढऱ्या वाळूत एक प्रवाळखडक उभा आहे. तीन-चार मीटर उंच, एकटाच. उजवीकडे प्रवाळभित्तीचा लांबलचक कडा सुरू होतो आणि बहुतेक डायव्हर तिकडेच वळतात. आज आपण वळणार नाही. सिलिंडरमधली सगळी हवा या एका खडकापाशी वापरायची आहे. भित्तीवरून झपझप पुढं जाणाऱ्याला मासे दिसतात ते पळतानाच. ते दिवसभर काय करतात, हे पाहायचं तर एका जागी थांबावं लागतं.

उतरताना आधी जाणवतात ते कान. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. पहिल्या १० मीटरमध्येच कानातल्या हवेचं आकारमान निम्म्यावर येऊ पाहतं, त्यामुळे सर्वांत जास्त त्रास वरच्याच पाण्यात होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी, पुन्हा पुन्हा. दुखलंच तर थोडं वर यायचं आणि परत प्रयत्न करायचा. जोर लावायचा नाही.

[दृश्य: डायव्हर खडकासमोर आडवा, निश्चल. फक्त बुडबुडे.]

खाली पोचल्यावर खरं कसब लागतं. जॅकेटमध्ये, म्हणजे बीसीडीत, जराशी हवा भरून शरीर असं तोलायचं की ते बुडणारही नाही आणि वरही जाणार नाही. पुढचं काम फुप्फुसं करतात. श्वास घेतला की अंग हळूच वर सरकतं, सोडला की खाली येतं, पण लगेच नाही, क्षणभर उशिरा. नवख्या डायव्हरला हा उशीर सोसत नाही. तो हात मारू लागतो, पाय खाली जातात, पायातलं फिन प्रवाळाला लागतं आणि फांदी मोडते. फांद्यांसारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला फार तर १०-१५ सेंटीमीटर वाढतात. गोल, दगडासारखी दिसणारी तर जेमतेम सेंटीमीटरभर. म्हणून पाण्याखाली कॅमेरा हातात घेण्याआधी तरंगायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

श्वास मात्र रोखायचा नाही, कधीच नाही. श्वास कोंडून वर आलो तर आतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकतं. संथ, लांब श्वास हवेची बचतही करतो. या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही दुपटीहून जास्त खर्च होते.

[ध्वनी: दोन श्वासांमधली क्षणभर शांतता. तडतड ऐकू येते.]

दोन श्वासांच्या मध्ये ऐका. ओली लाकडं पेटताना होते तशी ही तडतड पिस्तूल झिंग्यांची आहे. हा बोटभर झिंगा आपली मोठी नांगी इतक्या वेगानं मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना आवाज होतो. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपट वेगानं धावतो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोचत असल्यानं आवाज कुठून येतोय हे माणसाला कळत नाही. माशांच्या पिल्लांना कळतं. खुल्या समुद्रात वाढलेली इवली पिल्लं हाच कलकलाट ऐकत भित्तीकडे येतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ग्रेट बॅरिअर रीफवरच्या उजाड भागांत पाण्याखालच्या स्पीकरवरून निरोगी भित्तीचा आवाज ऐकवला गेला. तिथं न ऐकवलेल्या जागांच्या मानानं कितीतरी जास्त मासे येऊन राहिले.

[दृश्य: टॉर्च सुरू होतो. करडा दिसणारा खडक लाल-केशरी होतो.]

या खोलीवर लाल रंग पाण्यातच शोषला जातो. टॉर्च लावल्यावर कळतं की हा खडक करडा नाही. त्यावरचं जिवंत आवरण म्हणजे हजारो छोटे प्राणी आहेत, प्रत्येकाला तोंड आणि तोंडाभोवती शुंडकं. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या प्रवाळभित्तींवर ज्ञात सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव प्रजाती जगतात, त्या या भागीदारीच्या जोरावर.

आता ज्याच्यासाठी थांबलो, ते.

[दृश्य: खडकाच्या कोपऱ्यावर निळा, काळ्या पट्ट्याचा लहान मासा नाचल्यासारखा पोहतोय.]

हा क्लीनर रॅस. जास्तीत जास्त १४ सेंटीमीटर लांब. हा कोपरा त्याचं सफाईकेंद्र आहे आणि तो दिवसभर इथंच सापडतो. समोरून पोपटमासा येतो. तोंड वर करून, जवळजवळ उभा, तो पाण्यात स्थिर होतो. सफाईवाला त्याच्या खवल्यांवरून फिरतो, कल्ल्यांत शिरतो, रक्त पिणारे परजीवी टिपून खातो. मोठमोठे शिकारी मासेही इथं जबडा उघडून थांबतात, हा आत जातो आणि सुखरूप बाहेर येतो. अभ्यासकांनी मोजलंय, असा एक मासा दिवसाला दोन हजारांहून जास्त वेळा गिऱ्हाइकं तपासतो.

पण त्याला परजीवींपेक्षा जास्त आवडतो तो गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट थर. मधूनच तो त्याचा लचका तोडतो. पोपटमासा दचकला, पाहिलंत? सफाईवाला लगेच मागं गेला, आणि आता पोटाखालच्या परांनी त्याची पाठ चोळतोय. नाराज गिऱ्हाईक असं थोपवून धरलं जातं. दुसरे मासे बघत असतील, तर हा फसवणूकही कमी करतो. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी या माशांच्या गळ्यावर रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर ठेवलं. आरशात ठिपका पाहून ते गळा तळाशी घासू लागले, जणू आरशातला मासा आपणच आहोत हे त्यांना कळलं होतं.

ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळ काही खडकांवरून साडेआठ वर्षं सफाईवाले मासे हटवून पाहिले गेले. त्या खडकांवर माशांची संख्या घटली, जातीही कमी झाल्या. एवढासा मासा नसल्यानं आख्खा खडक ओस पडू लागतो, हे समजल्यावर या कोपऱ्याकडे पाहायची नजरच बदलते. डायव्हर फार जवळ आला की गिऱ्हाइकं निघून जातात, म्हणून आपला कॅमेरा दोन-अडीच मीटर मागंच राहिला आहे.

पोपटमासा परत चरायला लागलाय. चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडतो, शैवाल पचवतो आणि चुरा मागं टाकतो. खडकाभोवतीच्या पांढऱ्या वाळूतला मोठा वाटा त्याच्याच पोटातून आलेला आहे.

[दृश्य: खडकाची मागची बाजू. एक फांदी शुभ्र पांढरी.]

ही बाजू दाखवायलाच हवी. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अवघ्या एका अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतं. मग पारदर्शक देहातून आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. ही फांदी अजून मेलेली नाही, तिची उपासमार सुरू आहे. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून पुन्हा, असं जगभरच्या प्रवाळांवर हे संकट चारदा आलं. चौथ्या खेपेला जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला घातक उष्णतेची झळ लागली. दोन खेपांमधला सावरण्याचा वेळ कमी होत चालला आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

[दृश्य: प्रेशर गेज. अंगठा वर: वर जाऊया.]

सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं गेज ७० बारवर आलं, आता वर निघायचं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हा वेळ द्यावाच लागतो.

[दृश्य: बोट. ओल्या हातात पेन्सिल, लॉगबुक.]

नोंदवहीत तारीख, खोली, तापमान. मग खडकाची खूण, सफाईवाल्याचा कोपरा, आणि शेवटची ओळ: मागच्या बाजूची एक फांदी पांढरी, बुंध्याशी अजून तपकिरी. पुढं इथं जो उतरेल, त्यानं आधी ती फांदी पाहावी.