चॉकलेटची वाट पाहणारा मालक

नमस्कार श्रोतेहो.

पडदा उघडतो तेव्हा उबेर्तो नावाचा एक श्रीमंत, उतारवयातला ब्रह्मचारी चडफडत उभा आहे. तीन तास झाले, मोलकरणीनं चॉकलेट आणलेलं नाही. तेव्हा चॉकलेट पीत असत बरं का! ही तक्रार तो गाऊन करतो. साल 1733, शहर इटलीतलं नेपल्स, संगीतकार 23 वर्षांचा पेर्गोलेसी.

गंमत म्हणजे लोक हे पाहायला आलेच नव्हते. ते आले होते पेर्गोलेसीच्याच एका गंभीर ऑपेराला, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाला. त्याचे अंक तीन, म्हणजे मधल्या फटी दोन. त्या भरायला हा दोन भागांचा विनोदी खेळ. गाणारी पात्रं दोनच, तिसरा नोकर चक्क मुका! गंभीर ऑपेरात वीरपुरुष गायचे ते खच्ची केलेल्या गायकांच्या उंच आवाजात. इथं मात्र मालक साध्या पुरुषी, खर्जातल्या आवाजात कुरकुरतो, आणि घरातलाच कुणी बोलतोय असं वाटतं.

सेर्पिना ही मोलकरीण मोठी बिलंदर. ती मुक्या नोकराला कप्तानाचा वेश देऊन आपला होणारा नवरा म्हणून उभा करते. कप्तानाची अट अशी: चार हजारांचा हुंडा द्या, नाहीतर तुम्हीच हिच्याशी लग्न करा. पुढचं सांगायला नकोच. खेळाचं नावच 'ला सेर्वा पाद्रोना', मोलकरीण झाली मालकीण! मूळचा तो गंभीर ऑपेरा आज क्वचितच कुणी करतं.

नेपल्समध्ये 1709 पासूनच तिथल्या बोलीतले विनोदी ऑपेरा होत होते, पण या छोट्या खेळानं 1752 मध्ये पॅरिसमध्ये भांडणं लावली. फ्रेंच संगीत श्रेष्ठ की इटालियन, यावर पत्रकं निघाली. विचारवंत रूसो इटालियनांच्या बाजूचा.

पुढं व्हेनिसमध्ये नाटककार गोल्दोनी आणि संगीतकार गालुप्पी यांनी अंकाअखेरीचा गोंधळ रंगवला: एकेक पात्र येत जातं, सूर वाढत जातात, सगळे एकदम गातात. संगीतकार रोसिनीनं 1816 मध्ये 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा आणला तेव्हा या गोंधळाला तुफानाचा वेग आला. पहिला प्रयोग सपशेल पडला, ही गोष्ट वेगळी.

आणि संगीतकार व्हेर्दी? तरुणपणी, 1840 मध्ये, त्याचा विनोदी ऑपेरा आपटला. त्यानंतर 53 वर्षांनी, वयाच्या 79व्या वर्षी, त्यानं 'फाल्स्टाफ' रंगमंचावर आणला. पुन्हा एक म्हातारा, पुन्हा त्याची फजिती करणाऱ्या बायका. फक्त याला चॉकलेट नको, दारू हवी.

पण आता आपण ऐकूया उबेर्तोची कुरकुर. चॉकलेट अजून आलेलं नाही.